जर्सी तीच, म्हणून संघ तोच?

मागच्या व्याख्यानात आपण 'तोच' या शब्दापाशी थांबलो होतो. कालचा माणूस आणि आजचा माणूस 'तोच' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय टिकलेलं असतं? आज हाच प्रश्न खेळाडूंच्या गणवेशाला विचारून पाहू.

अमेरिकेत गणवेशांचे शौकीन आहेत. खेळाचे नव्हे बरं का, गणवेशाचे! क्लीव्हलँड शहरात अशा मंडळींच्या एका छोट्या मेळाव्याला आम्ही गेलो होतो. प्रत्येकाच्या अंगात कुठली ना कुठली जर्सी. सामना कोण जिंकलं, यावर चकार शब्द नाही. चर्चा कसली? तर पाठीवरचा आकडा शिवलेला आहे की छापलेला, बाहीवर पट्टे किती, बेसबॉलमधलं जुनं लोकरी फ्लॅनेल जाऊन १९७० नंतर ताणलं जाणारं कापड आलं ते बरं की वाईट. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. जेरी साइनफेल्ड या विनोदवीरानं तर थट्टाच केली आहे की, खेळाडू सारखे संघ बदलतात, म्हणजे प्रेक्षक शेवटी कपड्यांसाठीच ओरडतात.

थट्टा बाजूला ठेवा, पण प्रश्न खरा आहे. प्लुटार्कनं थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जपलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? पुढे हॉब्जनं त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून पुन्हा जहाज बांधलं, तर खरं जहाज कोणतं?

क्लीव्हलँडमध्ये हे प्रत्यक्ष घडलं. तिथल्या 'ब्राउन्स' या फुटबॉल संघाच्या मालकानं १९९५ साली संघ बाल्टिमोरला हलवायचं जाहीर केलं. शहर खवळलं, खटले झाले. शेवटी तडजोड अशी निघाली, की खेळाडू आणि कर्मचारी मालकानं न्यावेत, पण नाव, रंग आणि संघाचा इतिहास क्लीव्हलँडकडे राहील. तीन हंगाम शहराला संघच नव्हता. १९९९ साली नवे खेळाडू आले, तेच नारिंगी शिरस्त्राण घालून, आणि लोक म्हणाले, आमचा संघ परत आला! पाहा, जुन्या फळ्या बाल्टिमोरला गेल्या, पण जहाज क्लीव्हलँडला राहिलं. मधली तीन वर्षं तर एकही फळी नव्हती. मग टिकलं काय? लोकांनी धरून ठेवलेला हक्क. गणवेश ही त्या हक्काची खूण.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण त्याच शहरातला बेसबॉल संघ पाहा. त्याच्या टोपीवर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाचं लालभडक, दात विचकणारं व्यंगचित्र असे. त्या समाजातली माणसं अनेक दशकं निषेध करत होती. २०१८ च्या हंगामानंतर ते चित्र गणवेशावरून काढलं. २०२२ च्या हंगामापासून संघाचं नावही 'गार्डियन्स' झालं. म्हणजे हे उदाहरण नेमकं उलटं. संघ जागचा हलला नाही, बदलली ती खूण.

मेळाव्यात हा विषय निघाला आणि पट्ट्यांवर तावातावानं बोलणारी मंडळी एकदम जपून बोलू लागली. कुणाला त्या टोपीत आपलं बालपण दिसत होतं. कुणाचं म्हणणं असं, की आपलं बालपण दुसऱ्याच्या अपमानावर कशाला उभं करायचं? दोघंही स्मरणाबद्दलच बोलत होते.

आमच्या मते उत्तर इथं आहे. 'तोच संघ' ही वस्तूत सापडणारी गोष्ट नव्हे. ती माणसांनी मिळून धरलेली असते. पण 'आम्ही' मिळून धरतो म्हटलं, की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: या 'आम्ही'त कोण कोण आलं? मालक संघ नेत होता, तेव्हा क्लीव्हलँडकरांचं म्हणणं होतं, की आम्हाला न विचारता आमचं काही नेऊ नका. टोपीवर ज्यांचा चेहरा होता, तेही वेगळं काय म्हणत होते? आम्हाला न विचारता आमचा चेहरा घेतलात. तक्रार एकच आहे, मंडळी. फक्त पहिली ऐकायला काही महिने लागले आणि दुसरी ऐकायला कित्येक दशकं.

म्हणून गणवेशाच्या शौकिनांना हसू नका. एका पट्ट्याचा फरक ज्यांच्या डोळ्यांना दिसतो, त्यांनीच हाही फरक पाहायचा असतो. पुढच्या वेळी हाच 'आम्ही' घेऊन आपण परंपरेकडे वळू.