काळी बिअर, लाकडी पिंप आणि मुंबईचा उकाडा

शिकागोहून किंवा लंडनहून येणारा भाऊ सहारला उतरतो आणि त्याच्या बॅगेतून, टॉवेलात गुंडाळलेली एक जड बाटली बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या घरात पोचते. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर मद्य विनाशुल्क आणता येतं, त्यात ती बसते. लेबलवर लिहिलेलं असतं, 'बॅरल-एज्ड इम्पिरियल स्टाउट', म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली कडक काळी बिअर. इथल्या दुकानांत अशी बाटली सहसा दिसत नाही, कारण आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत बिअरमध्ये अल्कोहोलची कमाल मर्यादा ८ टक्के आहे आणि या स्टाउटमध्ये ते ११ ते १४ टक्के असतं. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या डूलाली या मायक्रोब्रुअरीने २०१५ मध्ये अंधेरीत टॅपरूम काढलं, पाठोपाठ तिथे इतर मायक्रोब्रुअरीही आल्या. त्यामुळे काळ्या बिअरची गोडी लागलेले लोक उपनगरांत आता कमी नाहीत. तरीही ही बाटली हाती आली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. साध्या बिअरसारखी ती बर्फगार करून संपवली जाते, नाहीतर वाइनसारखी वर्षानुवर्षं जपली जाते. दोन्हींत तिची मातीच होते.

'शेवटी बिअरच आहे, दोन बाटल्यांनी काय होतंय?' हा सगळ्यांत धोक्याचा समज, म्हणून आधी त्याचा हिशेब करू. १४ टक्क्यांच्या ५०० मिलीच्या बाटलीत ७० मिली निव्वळ अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये ते जेमतेम १३ मिली असतं. म्हणजे एक बाटली सुमारे साडेपाच पेगांची. पाच टक्क्यांच्या साध्या बिअरशी तुलना केली, तर ६५० मिलीच्या दोन मोठ्या बाटल्या पिऊनही तेवढं अल्कोहोल पोटात जात नाही. त्यातून ही चवीला गोड आणि दाट, त्यामुळे जोर लगेच जाणवत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गाडी चालवणं गुन्हा ठरतो. ही मर्यादा ओलांडायला अर्धी बाटलीही पुरे होऊ शकते. एक बाटली चौघांची, हेच तिचं खरं माप. आणि महाराष्ट्रात मद्य बाळगायला, प्यायला परवाना लागतो, तो घरी आणलेल्या बाटलीलाही लागतो.

'यात व्हिस्की मिसळलेली असते.' नाही. बर्बन ही अमेरिकी व्हिस्की कायद्याने आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, म्हणून सुमारे २०० लिटरची अशी रिकामी पिंपं बाजारात भरपूर येतात. शिकागोच्या गूस आयलंड या ब्रुअरीने १९९०च्या दशकात अशा पिंपांत इम्पिरियल स्टाउट मुरवली आणि 'बर्बन काउंटी' या नावाने विकली. तिथून हा प्रकार जगभर गेला. लाकडात शोषलेली थोडी व्हिस्की बिअरमध्ये उतरते हे खरं, पण चवीचं मोठं काम लाकूडच करतं. ओकमधलं लिग्निन तापून व्हॅनिलिन तयार होतं, तो व्हॅनिलाचा वास. लॅक्टोन नावाच्या घटकांमुळे खोबऱ्याची छटा येते. जळलेल्या आतल्या थरातून करपवलेल्या साखरेचा गोडवा मिळतो. या सगळ्याला सहा महिने ते वर्षभर लागतं.

'काळी म्हणजे कडक.' रंगाचा आणि जोराचा संबंध नाही. रंग येतो खरपूस भाजलेल्या बार्लीतून. काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट जेमतेम ४.२ टक्क्यांची आहे आणि आपल्या सोनेरी 'स्ट्राँग' बिअर तिच्या जवळपास दुप्पट.

'ही थंड देशांची बिअर, आपल्या हवेला चालायची नाही.' इम्पिरियल हे नाव लंडनहून रशियाच्या दरबारी जाणाऱ्या कडक स्टाउटवरून आलं, त्यामुळे हा समज पक्का झाला असावा. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी इंग्लंडहून जहाजं भरभरून येत होती ती पोर्टरचीच, म्हणजे स्टाउटच्या थोरल्या बहिणीची. शेजारच्या श्रीलंकेत लायन स्टाउट आजही बनते. उकाड्यात काळी बिअर पिणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. उकाडा पिण्याच्या आड येत नाही, ठेवण्याच्या येतो. त्याबद्दल पुढे.

'बिअर जितकी गार तितकी छान.' या बिअरचे पैसे आपण वासासाठी मोजलेले असतात आणि गारठ्यात वास उडत नाही. चार अंशांना ती नुसती गोड-कडू लागते. योग्य तापमान १० ते १४ अंश. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं टेबलावर ठेवली की पुरे. मे महिन्यात त्याहूनही कमी वेळ लागतो, म्हणून तेव्हा एसी लावलेल्या खोलीत उघडावी. फ्रीझरमध्ये गारठवलेला मग नको. पोट मोठं आणि तोंड निमुळतं असा ब्रँडीचा किंवा वाइनचा ग्लास घ्यावा आणि त्यात शंभर-सव्वाशे मिलीच ओतावी. फेस तपकिरी आणि बेताचाच येतो, लवकर बसतो. इतक्या अल्कोहोलपुढे तो टिकत नाही, त्यावरून बिअर शिळी ठरवू नये. ग्लास हलकेच फिरवून आधी वास घ्यावा. पहिल्यांदा कॉफी आणि व्हॅनिला येतात. बिअर कोमट होत जाते तसे खजूर, बेदाणे, पाकाला आलेला गूळ असे एकेक वास वर येतात. लहान घोट तोंडात घोळवून गिळला की छातीत ऊब उतरते. ही ऊब गोडसर हवी. नुसता जळजळाट होत असेल तर बिअर अजून कच्ची आहे.

सोबत काय? झणझणीत चकणा नको. अल्कोहोलने तोंडाला तिखट जास्त झोंबतं, त्यामुळे इतक्या कडक बिअरबरोबर मालवणी सुकं खाल्लं तर दोन्ही वाया जातात. कडवट चॉकलेट चांगलं जातं. माझ्या मते जायफळ घातलेली, तुपाने माखलेली पुरणपोळी त्याहून सरस.

'जितकी जुनी तितकी भारी.' सगळ्यांत जास्त बाटल्या या एका वाक्याने वाया घालवल्या आहेत. मद्याचा जोर आणि भाजक्या माल्टचा दाटपणा यांमुळे ही बिअर काही वर्षं टिकते, हे खरं. बर्बन काउंटीच्या बाटलीवर पाच वर्षांचा उल्लेख असतो. पण ते गणित बारा-तेरा अंशांच्या तळघरांचं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग निदान दुप्पट होतो. बारा अंशांना वर्षभरात होणारा बदल आपल्या बत्तीस अंशांना तीन महिन्यांत होतो, आणि तोही चांगला होत नाही. खजूर-बेदाण्यांऐवजी ओल्या पुठ्ठ्याचा आणि सोया सॉसचा वास येऊ लागतो. आपल्या फ्लॅटमध्ये बाटली जाते कुठे? बाथरूमवरच्या माळ्यावर, जिथे खालून गिझर तापतो. नाहीतर फ्रिजच्या डोक्यावर, जिथे मागची गरम हवा चढते. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही तसंच. घाटकोपरच्या घरात तळघर नसतं, पण फ्रिज असतो आणि तो चालतो. तिथे बिअर मुरायची जवळजवळ थांबते, पण बिघडत नाही. वाइन कूलर असेल तर बारा अंशांवर लावावा. 'एकदा फ्रिजमध्ये गेली की पुन्हा बाहेर काढायची नाही' यातही तथ्य नाही. एकदोनदा आत-बाहेर झाल्याने काही होत नाही, दिवसेंदिवस उकाड्यात राहिल्याने होतं.

बाटली उभीच ठेवावी. वाइन आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. इथे पत्र्याचं झाकण असतं, आणि उभ्या बाटलीत गाळही तळाशी बसतो. कॉफी, व्हॅनिला किंवा दालचिनी घातलेली असेल तर सहा महिन्यांच्या आत संपवावी, कारण सगळ्यांत आधी हेच वास विरतात.

आंबट निघाली तर 'मुरलेली चव' म्हणून पिऊ नका. पिंपातून आलेल्या जिवाणूंचा तो प्रताप असतो. २०१५ च्या बर्बन काउंटीच्या काही बाटल्या अशाच बिघडल्या होत्या. गूस आयलंडने ग्राहकांना पैसे परत केले आणि पुढच्या वर्षापासून ही बिअर पाश्चराइज करायला सुरुवात केली.

एकदा झाकण निघालं की वायू निसटतो, हवा आत शिरते आणि दुसऱ्या दिवशी बिअर सपक होते. म्हणून पिणारे चौघे जमतील त्याच संध्याकाळी ती उघडावी.