सिलिंडर सोबत निघतो तेव्हा

ईद झाली, शाळांना सुट्ट्या लागल्या की पाच-सहा घरे मिळून मिनी बस ठरवतात. कुणी कोकणच्या किनाऱ्यावर जाते, कुणी उरुसाला, कुणी दूरच्या गावी निकाहासाठी. वाटेत हलाल जेवण मिळेलच याची खात्री नसते. बरोबर वयस्कर माणसे आणि दूधपिती मुले असतात. म्हणून तांदूळ, मसाला आणि भांड्यांसोबत एक शेगडी आणि गॅसचा सिलिंडरही गाडीत चढतो. बहुधा शेवटच्या सीटमागे, सामानाच्या ढिगात तो आडवा सरकवून दिला जातो. गरज खरी आहे, पण ही पद्धत जिवावर बेतणारी आहे.

26 ऑगस्ट 2023 च्या पहाटे तामिळनाडूतील मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटक डब्याला आग लागली. लखनौहून यात्रेला निघालेल्या प्रवाशांनी डब्यात लपवून गॅस सिलिंडर आणला होता. पहाटे चहा करण्याच्या वेळी भडका उडाला आणि नऊ जण मरण पावले. रेल्वेत असा धोकादायक माल नेणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तिथे जाणारा जीव कायद्याने परत येत नाही.

याहून मोठी आठवण मिनाची आहे. 15 एप्रिल 1997 रोजी, हजच्या दिवसांत, मिनाच्या तंबूंना स्वयंपाकाच्या गॅसमुळे आग लागली. जोरदार वाऱ्याने ती एका तंबूवरून दुसऱ्या तंबूवर पसरत गेली आणि 343 हाजी मृत्युमुखी पडले. त्यात आपल्या देशातले हाजीही होते. त्यानंतर सौदी सरकारने मिनात आगीला दाद न देणारे तंबू उभारले आणि तंबूंत गॅस सिलिंडर वापरण्यावर बंदी घातली. आज हाजींना तयार जेवण मिळते, त्यामागे हा इतिहास आहे.

गॅसचा स्वभाव

आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. एक लिटर द्रव बाहेर पडला तर त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत या वायूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी ठिणगी पुरते. हा वायू हवेपेक्षा जड आहे, म्हणून तो वर उडून जात नाही. तो जमिनीलगत, सीटखाली, पायऱ्यांच्या खोबणीत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळलेले असते. घरात खिडकी उघडली, दार उघडले तर वायू निघून जाण्याची आशा असते. काचा लावलेल्या बसमध्ये तीही नसते आणि झोपलेल्या माणसाला वासही लागत नाही.

जे गाडीतच राहतात ते काय करतात?

अमेरिका आणि कॅनडात कित्येक कुटुंबे स्वयंपाकघर, बिछाने आणि न्हाणीघर असलेल्या मोटरहोममधून किंवा गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमधून महिनोन्‌महिने फिरतात. त्यांची शेगडी, गरम पाणी, खोली उबदार ठेवणारे यंत्र आणि बऱ्याचदा फ्रीजसुद्धा प्रोपेनवर चालतो. म्हणजे गॅस आणि माणसे एकाच वाहनात असतात. तरीही हे चालते, याचे कारण त्या व्यवस्थेतले काही साधे नियम.

पहिला नियम जागेचा. टाक्या माणसांच्या खोलीत नसतातच. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर उघड्यावर त्या घट्ट बसवलेल्या असतात. मोटरहोममध्ये टाकी गाडीच्या खालच्या बाजूला असते किंवा अशा कप्प्यात असते ज्याला बाहेरच्या बाजूने हवेची वाट ठेवलेली असते. गळती झालीच तर वायू बाहेर जातो, आत नाही. आपल्याकडच्यासारख्या सुट्या टाक्या उभ्याच ठेवतात. आडव्या सिलिंडरातून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर त्यासाठी बनलेला नसतो.

दुसरा नियम भरण्याचा. टाकी 80 टक्क्यांपेक्षा जास्त भरत नाहीत. उन्हात द्रव फुगतो, त्याला जागा लागते. माणसाच्या अंदाजावर हे सोडू नये म्हणून 2002 पासून तिथे लहान टाक्यांत जादा भरणे आपोआप रोखणारा व्हॉल्व्ह असल्याशिवाय टाकी पुन्हा भरून मिळत नाही.

तिसरा नियम पहाऱ्याचा. गाडीत गॅस ओळखणारे यंत्र असते आणि ते छताजवळ नव्हे, जमिनीलगत बसवतात, कारण वायू तिथेच साचतो. त्यालाही वय असते. पाच-सात वर्षांनी ते बदलावे लागते. शिवाय कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे वेगळे यंत्र असते. बंद जागेत शेगडी पेटवून ऊब घेणे तिथे सक्त मना आहे, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून हा बिनवासाचा विषारी वायू तयार होतो.

चौथा नियम बंद करण्याचा. पेट्रोल भरताना गाडीतली प्रत्येक ज्योत विझवलेली असली पाहिजे. चालत्या गाडीत टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, असे जाणकार सांगतात. काही ठिकाणी रस्ताच बदलावा लागतो. बाल्टिमोर शहरात पाण्याखालून जाणाऱ्या बोगद्यांतून अशा टाक्या असलेली मोटरहोम नेता येत नाही.

किती उरला, हे कसे कळते?

प्रवासात मध्यरात्री गॅस संपला तर थंडीत मुले कुडकुडतात, म्हणून ही मंडळी मोजमापाला फार महत्त्व देतात. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दाब दाखवणाऱ्या काट्यावरून गॅस किती उरला ते कळत नाही. सिलिंडरात थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब मुख्यतः तापमानावर ठरतो. भरलेली टाकी आणि संपत आलेली टाकी, दोन्ही जवळपास सारखाच दाब दाखवतात. म्हणून तिथे तरंगत्या गोळ्याने पातळी दाखवणारे मापक वापरतात किंवा टाकीच्या तळाला चुंबकाने चिकटणारे सेन्सर लावतात. ते ध्वनिलहरींनी द्रवाची उंची मोजतात. बऱ्याच गाड्यांत दोन टाक्या असतात. एक संपली की रेग्युलेटर आपोआप दुसरीवर जातो आणि खिडकीत लाल खूण दिसते. ती खूण दिसली की रिकामी टाकी भरून आणायची.

पण सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे, तो म्हणजे वजन. तो आपल्या घरीही जमतो. आपल्या घरगुती सिलिंडरात 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडराचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. समजा ते 15.8 किलो आहे आणि काट्यावर 21 किलो भरले, तर 5.2 किलो गॅस उरला. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला 200 ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो. म्हणजे एका बर्नरचे सुमारे पंचवीस तास हातात आहेत. रमजानच्या सेहरीला ऐन वेळी शेगडी विझू नये असे वाटत असेल तर रमजान लागण्यापूर्वी एकदा वजन करून ठेवावे. काटा नसेल तर सिलिंडरावर ओले फडके फिरवावे. जिथपर्यंत द्रव आहे तो भाग उशिरा वाळतो, त्यावरून पातळीचा अंदाज येतो. सिलिंडर आडवा करून किंवा हलवून उरलासुरला गॅस काढण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये.

आपण काय करावे?

आपल्या भाड्याच्या बसमध्ये मोटरहोमसारखा बाहेरचा कप्पा नसतो, जमिनीलगतचे यंत्र नसते. म्हणून प्रवाशांच्या गाडीत सिलिंडर न्यायचाच नाही, हा नियम सोपा आणि पुरेसा आहे. पहिल्या दिवसाचे जेवण घरून करून घ्यावे. पुढच्या स्वयंपाकासाठी मुक्कामाच्या ठिकाणी सिलिंडरची सोय आधीच विचारून ठेवावी. निकाहाच्या मोठ्या देगांसाठी बावर्ची सामान घेऊन येतात, त्यांच्याशी बोलताना मेन्यूसोबत सिलिंडरचेही बोलावे. तो वेगळ्या उघड्या टेम्पोतून, उभा बांधून, टोपण लावून यावा. रिकामा सिलिंडरही त्याच काळजीने न्यावा. त्यात वायू उरलेलाच असतो.

मुक्कामी किंवा घरी सिलिंडर लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. कडीखालच्या पट्टीवर आतल्या बाजूने तपासणीची मुदत लिहिलेली असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा. नळी आयएसआय खुणेची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गळतीची शंका आली तर जोडावर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही पाहू नये.

वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. सिलिंडर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि बाहेरून 1906 या क्रमांकावर फोन करावा. गॅस गळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा, शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असावा.

मदिनेत एका रात्री एक घर त्यातल्या माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) झोपण्यापूर्वी आग विझवण्याची ताकीद दिली, असे हदीसमध्ये आले आहे. त्या काळी चूल आणि दिवा होता. आज ती ताकीद रेग्युलेटरच्या खटक्याला लागू होते. रात्री दार लावताना तो खटकाही बंद केला की नाही हे पाहणे म्हणजे आपल्या घरातल्या अमानतीची राखण आहे. पुढच्या सहलीची यादी लिहायला बसाल तेव्हा तांदूळ, मसाला आणि देग जरूर लिहा. सिलिंडरच्या नावापुढे मात्र आधी एकच प्रश्न लिहा: तो माणसांपासून वेगळा, उघड्यावर, उभा आणि बंद जाणार आहे का? उत्तर नाही असेल तर तो यादीतून खोडून टाका.