चालत्या घराला चुंबक पुरत नाही

मनोर सोडून गाडी जव्हारच्या दिशेला लागली, वळणं सुरू झाली, की मोटरहोमच्या ओट्याखालचा ड्रॉवर हळूच बाहेर सरकतो. पुढच्या वळणाला तो पूर्ण उघडतो आणि स्टीलचे डबे जमिनीवर येतात. वसई-विरारला परतल्यावर तुटका लॅच कुणालाही दाखवा, सल्ला ठरलेलाच असतो: "मोठं मॅग्नेट लावा, काही हलणार नाही."

सुतार हेच सांगतात, हार्डवेअरचे दुकानदार हेच सांगतात आणि स्वतः गाडी सजवून घेतलेले हौशी प्रवासीही हेच सांगतात. घरातल्या कपाटापुरता सल्ला योग्य आहे. घरातलं कपाट ताशी ऐंशी किलोमीटरने पळत नाही आणि खड्ड्यात आपटत नाही, हे मात्र दरवेळी विसरलं जातं. त्यातून डोक्यावरच्या कपाटातला कुकर खाली बसलेल्या मुलाच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून हा गैरसमज सविस्तर खोडायला हवा.

आधी हिशेब. सामानासकट आठ किलोचा ड्रॉवर धरू. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला की गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.७ पट दराने उतरतो. तोंड पुढे असलेल्या त्या ड्रॉवरला मग ५.६ किलोची ओढ बसते. घाटात ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं तर बाजूची ओढ ०.४ पटीच्या थोडी वर जाते, म्हणजे तोंड बाजूला असलेल्या तेवढ्याच वजनाच्या ड्रॉवरला साडेतीन किलोच्या आसपास. ड्रॉवर टेलिस्कोपिक चॅनलवर असेल तर आतल्या छऱ्यांमुळे घर्षण जवळजवळ नसतंच, त्यामुळे सगळी ओढ थेट लॅचवर येते. कपाटाला सहज मिळणारं मॅग्नेट साधारण तीन ते सहा किलो धरतं, तेही पत्रा आणि चुंबक पूर्ण चिकटलेले असतील तेव्हा. मध्ये एक मिलिमीटरची फट पडली तरी पकड निम्म्याहून खाली येऊ शकते. पावसाळ्यात प्लाय फुगला किंवा बिजागरी किंचित खाली बसली की एवढी फट पडतेच.

वळणांपेक्षाही जास्त त्रास खड्डे देतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. खड्ड्याचा धक्का क्षणभराचा असतो, पण त्या क्षणी तो ब्रेकच्या ओढीपेक्षा कितीतरी मोठा असतो. मागच्या चाकांच्याही मागे लटकणाऱ्या भागातल्या कपाटांना त्याचा मार सर्वांत जास्त बसतो. शिवाय ड्रॉवर लॅचला लागण्याआधी दोन-तीन मिलिमीटर मोकळा सरकत असेल, तर तो लॅचला नुसता ओढत नाही, हातोडीसारखा ठोकतो. वर-खाली हादऱ्यात पत्रा चुंबकावरून घसरतो, आणि घसरताना रोखण्याची चुंबकाची ताकद सरळ ओढीच्या ताकदीपेक्षा बरीच कमी असते.

"मग दोन लावा, नाहीतर निओडायमियमचं लावा," असं पुढचं उत्तर येतं. इथेच खरी गोम आहे. चुंबक उघडण्यासाठी हात ज्या दिशेने ओढतो, त्याच दिशेने सामानही ढकलतं. त्यामुळे सामानाला अडवण्याइतकी पकड वाढवली की हातालाही तेवढाच जोर लावावा लागतो. बारा किलोचा हिसका देऊन उघडलेला ड्रॉवर हातात येतो आणि काही दिवसांत चुंबकाचे स्क्रूही पार्टिकल बोर्डातून भुशासकट उपटून येतात. रोलर कॅच आणि बॉल कॅचची गतही हीच. स्प्रिंगच्या जोरावर धरणारं काहीही पुरेशा झटक्याने सुटतंच.

जुन्या वाड्याच्या दाराला अडसर असे. दार लावायचं, अडसर आडवा सरकवायचा. बाहेरून कितीही रेटलं तरी तो रेटा अडसराला सरकवू शकत नाही, कारण दोन्ही दिशा एकमेकींना काटकोनात आहेत. कडी-कोयंड्याचं तत्त्वही हेच. चालत्या गाडीतल्या कपाटाला नेमकं हेच लागतं: जिभेसारखा बोल्ट जो खाचेत शिरतो आणि बटण दाबल्याशिवाय किंवा कळ उचलल्याशिवाय बाहेर येत नाही. मोटरहोममधल्या पुश-लॉकचं काम असंच चालतं. बटण आत दाबलं की जीभ अडकते आणि बटण पृष्ठभागाशी समतल बसतं. पुन्हा दाबलं की ते बाहेर येतं, जीभ सुटते आणि तेच बटण मूठ म्हणून वापरता येतं. बाहेर आलेलं बटण लांबूनही दिसतं, त्यामुळे कुठलं कपाट उघडं राहिलंय हे निघण्यापूर्वी एका नजरेत कळतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी हलणाऱ्या वाहनांचा जुना अनुभव पाहावा. बोटींवर ड्रॉवरच्या तळाला खाच ठेवून तो पुढच्या पट्टीवर बसवण्याची पद्धत आहे. आधी उचलायचा, मग ओढायचा. लॅच लागतच नाही. विमानातल्या जेवणाच्या ट्रॉल्या ब्रेकवर सोडत नाहीत, त्यांच्यासमोर फिरवायच्या खिट्ट्या असतात. अमेरिकेचा हवाई नियम २५.५६१ तर केबिनमधल्या वस्तू पुढच्या दिशेला गुरुत्वाकर्षणाच्या ९ पट ओढीतही सुटू नयेत असं सांगतो. मोटरहोमला एवढी कडक अट नको, पण ज्यांनी हा प्रश्न मनापासून सोडवला त्यांतलं कुणी चुंबकावर विसंबलेलं नाही.

मोटरहोम वसईत दुर्मीळ असल्या तरी हा प्रश्न दुर्मीळ नाही. नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट आहेत आणि चित्रीकरण आलं की व्हॅनिटी व्हॅन आल्या. त्यांतही ड्रॉवर आहेत, आरशाखालची कपाटं आहेत आणि तोच महामार्ग आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यानंतर घरासारख्या गाड्यांकडे पाहण्याची उत्सुकताही वाढली आहे.

आता बाकीचे गैरसमज. "सॉफ्ट-क्लोज चॅनल असेल तर लॅच नको" हे चूक आहे. ती यंत्रणा शेवटच्या काही सेंटिमीटरला हळू आत ओढते, धरून ठेवण्यासाठी ती नसते. "वरच्या फडताळाला गॅस स्ट्रट आहे, ते उघडणार नाही" हेही चूक. स्ट्रट दार उघडं धरण्यासाठी असतो, आणि लॅच सुटल्यावर तोच दार वर फेकतो. इलास्टिक दोरी बांधणं रात्रीपुरतं ठीक, पण ताणली जाणारी दोरी सामानाला बाहेर येण्याइतकी जागा देतेच.

"लॅच तुटला म्हणजे माल हलका होता" हेही अनेकदा खरं नसतं. हादऱ्यांनी कपाटाची चौकट तिरकी झाली की जीभ खाचेच्या मध्यभागी न लागता कडेला घासते आणि एके दिवशी तुटते. तसाच नवा लॅच बसवला तर तोही तुटेल. जिभेच्या टोकाला खडू घासून दार लावावं आणि खूण कुठे उमटते ते पाहावं. खूण खाचेबाहेर असेल तर आधी बिजागरी आणि खाचेची पट्टी सरळ करावी. या साध्या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

गंजाबाबतचा समज वसईकरांनी तरी सोडायला हवा. "स्टेनलेस आहे, गंजणार नाही" हे समुद्र आणि मिठागरांच्या शेजारी पूर्ण खरं नाही. खाऱ्या हवेत ३०४ प्रतीच्या स्टीलवरही तपकिरी डाग आणि बारीक खड्डे येतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती जास्त टिकते. लॅचच्या आतली स्प्रिंग मात्र बहुधा साध्या पोलादाची असते आणि तीच आधी जाते. डब्ल्यूडी-४० मारलं की काम झालं असंही नाही. १९५३ मध्ये ते पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं, नावातला 'डब्ल्यूडी' तेच सांगतो. जाम झालेलं सोडवायला ते उत्तम, पण वंगण म्हणून टिकायला सिलिकॉन किंवा पीटीएफईचा स्प्रे हवा.

"असले लॅच परदेशातूनच मागवावे लागतात" हाही समज मोडायला हवा. बदली लॅच निवडताना नाव कमी आणि मापं जास्त महत्त्वाची: बटणाच्या भोकाचा व्यास, फळीची जाडी, कडेपासून भोकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर. तुटका तुकडा सोबत न्यावा आणि व्हर्नियरने मोजावं. खाचेची धातूची पट्टी मिळालीच नाही तर वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींकडे वळावं. लहान कारखान्यांच्या या परिसरात नमुना दाखवून अशी पट्टी कापून घेणं अवघड जाऊ नये.

आणि "आतलं काहीही बदललं तर आरटीओची परवानगी लागते" ही भीती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलापासून बदलेल अशा फेरफारांना रोखतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. मालवाहू टेम्पोचं मोटरहोम करणं त्यात येतं आणि मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानकही आहे. तुटक्या लॅचच्या जागी चांगला लॅच लावल्याने नोंदणीतला कोणताच तपशील बदलत नाही.

बसवताना जुनी भोकं सैल झाली असतील तर जाडा स्क्रू ठोकू नये. फेव्हिकॉल लावून सागाची बारीक गुल्ली भोकात बसवावी, सुकू द्यावी आणि नवं बारीक भोक पाडून स्क्रू पिळावा. मग रिकाम्या ड्रॉवरसह महामार्गावर एक फेरी, त्यानंतर सामान भरून दुसरी. परतल्यावर स्क्रू पुन्हा आवळावेत आणि खडूची खूण पुन्हा घ्यावी. पहिल्या पावसानंतर, प्लाय फुगल्यावर, ती खूण बहुधा सरकलेली सापडते.