मांजरासाठी डबाबंद खाद्य : निवड आणि खर्च

कोकणपट्टीतील व गोव्यातील घरांत मांजर पाळण्याची चाल फार जुनी आहे. भाताच्या कणगीची आणि माळ्यावरील नारळांची उंदीर-घुशींपासून राखण व्हावी, हा त्यामागील मूळ हेतू. घरातून त्या मांजराला मिळे ते दूधभाताचे चार घास आणि मासळी साफ करताना निघालेली डोकी-शेपट्या. एवढ्यावरच मांजर धष्टपुष्ट राहते, असा जो समज रूढ झाला आहे तो अपुऱ्या निरीक्षणाचा परिणाम होय. ते मांजर खऱ्या अर्थाने जगत असे उंदीर, पाली, सरडे व पाखरे यांवर. दूधभात हे त्याचे केवळ तोंडीलावणे होते.

आज परिस्थिती पालटली आहे. पणजी, मडगाव, म्हापसा येथील सदनिकांत, तसेच बेळगाव, इंदूर, वडोदरा यांसारख्या शहरांतील मराठी कुटुंबांत अनेक मांजरे बंद दाराआड वाढतात. त्यांना उंदीर दिसतही नाही. मात्र दूधभात किंवा दूधपोळी तीच राहिली असून पूर्वीचे तोंडीलावणे हेच आता त्यांचे संपूर्ण जेवण झाले आहे. अशा मांजरांसाठी दुकानांतून डबाबंद खाद्य मिळू लागले आहे. सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या पाकिटापासून चारशे ग्रॅमच्या डब्यापर्यंत त्याचे अनेक प्रकार असून किमतींतही मोठी तफावत आढळते. सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबाने त्यातून निवड कोणत्या निकषावर करावी, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे. उंदराची जागा भरून काढणे हे या डब्याचे काम आहे, एवढे ध्यानात ठेवले तर पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाही.

कुत्रा व मनुष्य हे मिश्राहारी आहेत. मांजर मात्र शरीररचनेनेच मांसाहारी आहे. गाजर व पालेभाज्यांतील कॅरोटिनपासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करण्याची जी शक्ती मनुष्यात आहे ती मांजरात जवळजवळ नाही, त्यामुळे ते जीवनसत्त्व त्याला प्राणिज पदार्थांतून तयारच मिळावे लागते. नायासिन व ॲराकिडोनिक आम्ल यांच्या बाबतीतही तोच प्रकार आहे. या सर्वांहून महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन हे ॲमिनो आम्ल. मांजराच्या शरीरात ते गरजेपुरते तयार होत नाही आणि पित्तरसावाटे त्याचा सतत व्यय होत राहतो. तांदूळ, गहू, डाळी यांत टॉरिन नसते. गाईच्या दुधात ते अत्यल्प असते. उंदराच्या शरीरात मात्र ते विपुल असते. आजीच्या दूधभातावरची मांजर आंधळी का झाली नाही, याचे उत्तर येथे मिळते.

आंधळी होणे हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. टॉरिनविरहित आहारावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजत जाते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केले. ही झीज काही महिन्यांत हळूहळू होते, मांजर घरातील ओळखीच्या वाटांनी फिरत राहते आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत गेलेली दृष्टी परत मिळण्याजोगी राहिलेली नसते. त्यानंतर १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. हृदय फुगून त्याचे स्नायू दुर्बल होण्याच्या ज्या रोगाने त्या काळी असंख्य मांजरे दगावत होती, त्याचे प्रमुख कारण टॉरिनची उणीव हेच होते. विशेष म्हणजे ती मांजरे दुकानातील तयार खाद्यावर वाढलेली होती. वेळीच टॉरिन दिल्यावर त्यांतील अनेकांचे हृदय पूर्ववत झाले. या शोधानंतर उत्पादकांनी खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढविले आणि तो रोग विरळा झाला. डब्यातील खाद्य उच्च तापमानावर शिजविले जात असल्याने त्यातील टॉरिनचा उपयोग मांजराला कमी होतो, म्हणून अमेरिकी मानकात कोरड्या खाद्यासाठी शुष्कांशाच्या ०.१० टक्के, तर डबाबंद खाद्यासाठी त्याच्या दुप्पट म्हणजे ०.२० टक्के टॉरिन आवश्यक मानले आहे.

एवढी पार्श्वभूमी लक्षात घेता, डबा हातात घेतल्यावर प्रथम काय पाहावे हे स्पष्ट होते. डब्यावरील मांजराचे चित्र, सोनेरी अक्षरे वा ‘प्रीमियम’ हा शब्द यांना काहीही अर्थ नाही. बारीक अक्षरांतील एक वाक्य शोधावे : हे खाद्य ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ म्हणजे संपूर्ण व संतुलित आहे, की ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे पूरक आहे? पहिल्या प्रकारावर मांजर आयुष्यभर राहू शकते, दुसऱ्यावर नाही. संपूर्ण खाद्याच्या विधानासोबत बहुधा अमेरिकेतील ‘आफ्को’ अथवा युरोपातील ‘फेडियाफ’ या संघटनेच्या मानकाचा आणि वयोगटाचा उल्लेख असतो. पिल्ले व गाभण मादी यांच्यासाठी वाढीच्या वयाचे अथवा सर्व वयोगटांचे खाद्यच घ्यावे. केवळ प्रौढ मांजराचे खाद्य त्यांना पुरत नाही. थायलंडसारख्या देशांतून येणाऱ्या लहान डब्यांत पातळ रसात किंवा जेलीत माशाचे स्वच्छ, पांढरे तुकडे दिसतात. ते मांजराला अतिशय आवडतात व पाहणाऱ्यालाही उत्तम वाटतात. परंतु त्यांतील कित्येक डबे पूरक या वर्गातील असतात. दिसण्यात ओबडधोबड, लगद्यासारखे असलेले संपूर्ण खाद्य त्यांच्यापेक्षा कितीतरी उपयुक्त होय.

माणसांसाठी मिळणारे ट्यूना किंवा तारलीचे डबे हेही या दृष्टीने अपुरेच आहेत. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ताजी मासळी महागल्यावर मांजरालाही असा डबा किंवा खारवलेली सुकी मासळी देण्याचा मोह होतो. एखाद्या दिवशी दिल्यास बिघडत नाही, परंतु दोन महिने तोच आहार असू नये. नुसत्या तेलकट मासळीवर ठेवलेल्या मांजरांत ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अभावी शरीरातील चरबीचा वेदनादायक दाह होतो, आणि सुक्या मासळीतील मीठ हा वेगळाच भाग आहे.

आता टक्केवारीविषयी. एका डब्यावर प्रथिने १० टक्के व कोरड्या खाद्याच्या पिशवीवर प्रथिने ३० टक्के असे छापलेले असते, तेव्हा ग्राहकाला पिशवी तिप्पट पौष्टिक वाटते. वस्तुतः डब्यात ८० टक्के पाणी असते आणि पिशवीत सुमारे १० टक्के. पाणी वगळून हिशेब केला तर डब्यातील २० भाग शुष्कांशात १० भाग प्रथिने, म्हणजे ५० टक्के होतात. पिशवीतील ९० भागांत ३० म्हणजे ३३ टक्केच. प्रौढ मांजरासाठी अमेरिकी मानकाने शुष्कांशाच्या किमान २६ टक्के आणि पिल्लांसाठी ३० टक्के प्रथिने ठरविली आहेत. ही वजाबाकी व भागाकार माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेता येण्याजोगे आहेत. शेकडेवारीच्या पाठ्यपुस्तकी उदाहरणांपेक्षा त्यांत त्यांना अधिक रस वाटेल.

किमतीचा हिशेबही असाच उघडून पाहावा लागतो. आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव व पत्ता वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. मात्र मांजराचे पोट ग्रॅमवर भरत नाही, उष्मांकांवर भरते. तीन-चार किलो वजनाच्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० उष्मांक लागतात. समजा, ८५ ग्रॅमचे एक पाकीट ४५ रुपयांस असून त्यात ७० उष्मांक आहेत आणि ४०० ग्रॅमचा डबा २०० रुपयांस असून त्याच्या दर १०० ग्रॅममध्ये ११० उष्मांक आहेत. वजनाने पाहता दोहोंच्या दरात फरक नाममात्र आहे : शंभर ग्रॅमला ५३ व ५० रुपये. परंतु २०० उष्मांकांसाठी पाकिटांचा खर्च सुमारे १२९ रुपये होतो, तर डब्याचा ९१ रुपये. पाकिटातील रस हा बहुतांशी पाणी असतो आणि ते पाणी विकत घेतले जाते. उष्मांक छापलेले नसल्यास १०० ग्रॅममधील प्रथिनांना साडेतीनने, स्निग्धांशाला साडेआठने व उरलेल्या पिष्टमय भागाला साडेतीनने गुणून बेरीज केली की अंदाज येतो. १० टक्के प्रथिने, ५ टक्के स्निग्धांश व २ टक्के पिष्ट असलेल्या डब्यात अशा रीतीने सुमारे ८५ उष्मांक निघतात.

महाग ते चांगले, हा नियम येथे लागू पडत नाही. मार्च २००७ मध्ये कॅनडातील एका उत्पादकाला कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सुमारे सहा कोटी डबे व पाकिटे बाजारातून परत बोलवावी लागली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन या रसायनाची भेसळ झाली होती. त्यामुळे मूत्रपिंडात खडे धरून अनेक प्राणी मृत्यू पावले. एकाच कारखान्यातून स्वस्त व महाग अशी अनेक नावे बाहेर पडत होती, हे तेव्हा ग्राहकांना प्रथमच कळले. भेसळ कशासाठी, तर प्रथिनांची नेहमीची तपासणी नायट्रोजन मोजून केली जाते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. म्हणून प्रथिनांच्या आकड्याइतकेच त्यांचे मूळही पाहावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. तिच्या आरंभी कोंबडी, मासा, काळीज, हृदय असे प्राणिज पदार्थ स्पष्ट नावानिशी असावेत. ‘बायप्रॉडक्ट’ या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. काळीज, फुप्फुस, प्लीहा हे भाग माणसाच्या ताटात मानाचे नसले तरी मांजर उंदीर खाताना ते टाकून देत नाही. नावातील शब्दांकडे मात्र सावधपणे पाहावे. अमेरिकी नियमांप्रमाणे ‘ट्यूना डिनर’ म्हटलेल्या डब्यात किमान २५ टक्के ट्यूना असावा लागतो, ‘विथ ट्यूना’ म्हटल्यास ३ टक्के पुरतो, आणि ‘ट्यूना फ्लेवर’ असेल तर चव जाणवली म्हणजे झाले.

सर्व आहार डब्यातूनच द्यावा, असा याचा अर्थ नव्हे आणि पुष्कळ कुटुंबांना ते परवडणारही नाही. संपूर्ण प्रतीचे कोरडे खाद्य मुख्य ठेवून रोज एक लहान डबा वा पाकीट दिल्यास खर्च बराच कमी होतो. मांजर स्वभावतः पाणी कमी पिते. डब्यातील ओलाव्यामुळे लघवी पातळ राहते, हा त्याचा मोठा लाभ. बोक्याची लघवी अडणे हा जीवावर बेतणारा प्रसंग असतो. तो वारंवार मातीच्या पेटीत बसून काहीच होत नसेल तर तासाभराचाही विलंब न लावता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

याच्या जोडीला घरची उकडलेली मासळी किंवा कोंबडी थोडी दिल्यास उत्तम. एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापर्यंत तिचे प्रमाण असावे. टॉरिन पाण्यात विरघळते, तेव्हा उकडलेले पाणी फेकू नये, तेही वाढावे. हुमणातील मासळी धुऊन देण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण कांदा व लसूण यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात आणि हा अंश धुण्याने जात नाही. काही जातींच्या कच्च्या मासळीत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. शिजविल्याने ते निकामी होते. काळीज रोज देऊ नये. त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेची हाडे एकमेकांस जखडतात.

डबा घेताना झाकण फुगलेले, सांध्यावर चेपलेले किंवा गंजलेले नाही याची खात्री करावी. तसा डबा कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. उघडल्यावर उरलेले खाद्य काचेच्या वा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढून शीतपेटीत ठेवावे व दोन-तीन दिवसांत संपवावे. आपल्याकडील उष्ण-दमट हवेत ताटलीतील खाद्य तासाभराहून अधिक वेळ उघडे राहू देऊ नये. मोठा डबा स्वस्त पडतो तो शीतपेटी असणाऱ्यालाच. नसल्यास लहान पाकीटच अखेर स्वस्त ठरते. नवे खाद्य जुन्यात मिसळून आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावे. भुकेने आपोआप खाईल या समजुतीने मांजराला उपाशी ठेवणे धोक्याचे असते. विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले की त्याच्या यकृतात चरबी साठते व कावीळ होते. म्हणून पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड न लावलेल्या मांजराला पुन्हा जुने खाद्य द्यावे, आणि दुसऱ्या दिवशीही ते खात नसेल तर पशुवैद्यांना दाखवावे.