केडगावची मुक्ती

पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंनी १८९८ मध्ये तिथे जी संस्था वसवली, तिचे नावच मुक्ती. आपल्या परंपरेत हा शब्द जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी वापरतात. केडगावात त्याच नावाखाली माग चालले, विहिरी खणल्या गेल्या, छापखान्यात खिळे जुळवले गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि विधवा ही कामे शिकल्या. ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याला दुसऱ्याच्या गरजेने मर्यादा पडते आणि ती मर्यादा त्याने आपणहून घालून घ्यायची असते, हे समजून घ्यायला याहून चांगले ठिकाण मला महाराष्ट्रात दिसत नाही.

रमाबाई स्वतः कोणाच्या दडपणाखाली राहणाऱ्या नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण चर्चची सगळी मते मुकाट्याने मान्य केली नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करायला त्या तयार नव्हत्या. अंडे घातलेले पुडिंगही त्यांनी नाकारले. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसला. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. खाण्यापिण्याच्या बाबतीत एकाने दुसऱ्याचा न्याय करू नये, हे पौलाने रोमच्या मंडळीला कळवलेच होते.

त्याच पौलाने करिंथकरांना या स्वातंत्र्याची दुसरी बाजू सांगितली. मूर्तीपुढे वाहिलेले मांस खायला ज्याचे मन कचरत नाही, त्यानेही दुबळ्या मनाचा भाऊ अडखळणार असेल तर ते सोडावे. रमाबाईंच्या बायबलच्या भाषांतरात हा विचार प्रत्यक्ष दिसतो. कोलकात्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही संस्कृतज्ञ बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि जड संस्कृत शब्द टाळून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत लिहू लागली. ज्या विद्येवर नाव झाले, ती विद्या वाचणाऱ्या बायकांसाठी बाजूला ठेवणे सोपे नसते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. केडगावच्या आधी रमाबाई विधवांसाठी शारदा सदन ही शाळा चालवत; तिथल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये वाद पेटला. सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंची बाजू अशी, की आपण कोणाला बोलावत नाही आणि आलेलीला हाकलतही नाही. पण जिचे अन्नवस्त्र या घरावर अवलंबून, तिच्या निवडीला स्वातंत्र्य म्हणावे का? हा प्रश्न मला टाळता येत नाही. पुढे केडगावात तर उघडपणे ख्रिस्ती वातावरण होते आणि दुष्काळातून आलेल्या मुलीला परतायला घरही नव्हते. पौलाची कसोटी इथे रमाबाईंनाही लागू होते, कारण या घरात बळ त्यांच्याकडे होते. त्यांच्या बाजूने एवढे नक्की म्हणता येते, की दुसऱ्याच्या दयेवर जगण्यातून सुटण्याचे साधन त्यांनी मुलींच्या हाती दिले. विणकाम किंवा छपाई येणारी बाई उद्या आश्रयदात्याला नाही म्हणू शकते. आंधळ्या मुलींनाही तिथे वाचायला शिकवले जाई.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. त्याचे खिळे केडगावच्याच बायकांनी जुळवले.