जुनी मोटारसायकल: आधी थांबू द्या, मग पळू द्या

अक्कलकुव्याहून नर्मदेकाठच्या मणिबेलीच्या दिशेने निघाले की वाटेत सातपुडा येतो. आधी तो चढायचा आणि मग नदीच्या बाजूला उतरायचा. सरदार सरोवराच्या बुडीताची झळ महाराष्ट्रातील ज्या गावाला सर्वांत आधी लागली ते हे मणिबेली. त्या निमित्ताने १९९० च्या दशकात या लहानशा आदिवासी गावाचे नाव जगभर पोहोचले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला आणि मणिबेली त्याच्या एका टोकाला आले. अशा डोंगराळ भागात शिक्षक, आरोग्यसेवक, ग्रामसेवक यांची बरीच भिस्त मोटारसायकलवर असते.

ही मोटारसायकल नवीच असते असे नाही. घराच्या पडवीत वर्षानुवर्षे उभी असलेली वडिलांची किंवा मामांची गाडी घरीच उघडून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा उद्योग अनेक जण करतात. हात काळे करून शिकण्यासारखे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र त्यात भरपूर आहे. पण गाडी सुरू झाली की लगेच प्रश्न येतो: आता हिच्यात सुधारणा काय करावी? 'जरा पळायला चांगली करू' हे बहुतेकांचे पहिले उत्तर असते. ऊर्जेचा हिशेब मांडला तर उत्तर वेगळे येते. तो हिशेब आपण येथे मांडू.

उदाहरणासाठी राजदूत ही गाडी घेऊ. पोलंडमधील एसएचएल एम-११ या मोटारसायकलवर आधारलेली ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकात भारतात आणली. सुमारे १७५ घन सेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, पुढे-मागे ड्रम ब्रेक आणि ६ व्होल्टची वीज अशी तिची साधी रचना. दूधवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत ग्रामीण भागात ती सर्वांच्या ओळखीची होती. त्या काळातील इतर अनेक गाड्यांनाही पुढील विवेचन लागू पडते.

उतारावरचा हिशेब

गाडी, दोन माणसे आणि थोडे सामान मिळून २५० किलो वस्तुमान धरू. ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर वेगाने जाणारी ही गाडी थांबवायची आहे. तिची गतिज ऊर्जा ½ × २५० × १३.९², म्हणजे सुमारे २४ हजार ज्यूल. ब्रेक लावल्यावर ही ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते.

आता हीच गाडी घाटातून ३०० मीटर उंची उतरते असे समजा. स्थितिज ऊर्जेतील घट २५० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ७ लाख ३५ हजार ज्यूल. सपाट रस्त्यावर तीस वेळा करकचून थांबण्याइतकी ही ऊर्जा झाली. २५ अंश सेल्सिअसचे दोन लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ६ लाख ३० हजार ज्यूल लागतात. म्हणजे एका उतारात दोन लिटर पाण्याला उकळी फुटेल! यातील काही वाटा हवेचा विरोध, टायर आणि इंजिन उचलतात. उरलेले सगळे ब्रेकच्या दोन ड्रमांच्या अंगावर पडते.

ड्रम तापला की दोन गोष्टी घडतात. धातू प्रसरण पावून ड्रमचा व्यास वाढतो, त्यामुळे आतील ब्रेक शू त्याला टेकण्यासाठी पॅडल अधिक खाली दाबावे लागते. दुसरे म्हणजे, फार तापलेल्या लायनरचे घर्षण कमी होते. चालकाला फक्त 'ब्रेक लागेना' एवढेच जाणवते. ब्रेक नादुरुस्त नसतो. त्याची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता संपलेली असते.

आता वेगाचा विचार करा. इंजिनात फेरफार करून गाडीचा वेग ५० वरून ६५ वर नेला, तर वेग ३० टक्क्यांनी वाढतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. ड्रम मात्र तेवढाच राहतो. म्हणून सुधारणेचा पहिला पैसा ब्रेकवर खर्च व्हायला हवा: नवे लायनर, आतून झिजून वेडावाकडा झालेला ड्रम लेथवर साफ करून घेणे (झीज मर्यादेबाहेर गेली असल्यास ड्रमच बदलणे), गंजलेली केबल बदलणे आणि शू फाकवणारा कॅम सहज फिरतो ना हे पाहणे. नव्या लायनरचा पूर्ण पृष्ठभाग ड्रमला टेकायला काही दिवस लागतात. तोवर घाटात जपूनच जावे.

एक धोका येथेच सांगायला हवा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर आतील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने कधीही उडवू नये. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि अनेक वर्षांनी गंभीर आजार उद्भवू शकतो. ओल्या फडक्याने भुकटी पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

टू-स्ट्रोक इंजिन उतारावर

उतारावर खालचा गिअर टाकला की इंजिन गाडीला मागे ओढते, हा अनुभव सर्वांना आहे. टू-स्ट्रोक इंजिनाची ही ओढ फोर-स्ट्रोकच्या तुलनेने कमी असते. शिवाय येथे आणखी एक अडचण आहे. राजदूतसारख्या गाडीत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते; एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल घातले तर ते प्रमाण २५ ला १ होते. याचा अर्थ, जेवढे पेट्रोल इंजिनात जाईल तेवढ्याच प्रमाणात तेल जाणार. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद, पण चाकांमुळे इंजिन मात्र जोरात फिरते आहे, अशा वेळी पिस्टनला तेल फारच कमी मिळते. लांब उतारावर इंजिन जाम होण्याचे हे एक कारण आहे.

यावर उपाय सोपा आहे. अधूनमधून क्षणभर थ्रॉटल उघडावे, म्हणजे तेलाचा एक घोट आत जातो. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. त्यात इंजिनाची ओढ शून्य होते आणि आपण वर काढलेल्या हिशेबातील इंजिनाचा वाटाही ब्रेकवर येतो.

दिवा मंद का?

दुसरा पैसा दिव्यावर. ६ व्होल्टच्या गाडीचा दिवा मिणमिणतो, म्हणून जास्त वॅटचा बल्ब बसवण्याकडे कल असतो. आधी ओहमचा नियम लावून पाहू. ६ व्होल्ट, २५ वॅटच्या बल्बातून सुमारे ४.२ अँपिअर प्रवाह जातो. गंजलेले अर्थिंग, काळवंडलेला स्विच, सैल जोड यांचा एकूण रोध फक्त ०.२ ओहम धरला, तरी वाटेत ०.८ व्होल्टहून अधिक खर्च होतो आणि बल्बला ५.२ व्होल्टच्या आसपास मिळतात. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे व्होल्टेज १४ टक्क्यांनी घटले की प्रकाश सुमारे ४० टक्क्यांनी घटतो!

हेच १२ व्होल्टच्या व्यवस्थेत काय होईल? तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो. त्याच ०.२ ओहममध्ये ०.४ व्होल्ट जातात, पण १२ मधून ०.४ म्हणजे साडेतीन टक्केच. प्रकाशातील घट ११ ते १२ टक्क्यांवर येते. १२ व्होल्ट श्रेष्ठ ठरण्याचे कारण हे आहे.

तरीही पहिले काम पॉलिश पेपरचे. प्रत्येक जोड घासून स्वच्छ करावा आणि चासीला नवे अर्थिंग द्यावे. पुष्कळदा एवढ्यावरच दिवा उजळतो. १२ व्होल्ट करायचेच असेल, तर केवळ बॅटरी बदलून भागत नाही. वीज निर्माण करणारी कॉइल, रेक्टिफायर-रेग्युलेटर, सर्व बल्ब, हॉर्न आणि इग्निशन कॉइल बॅटरीवर चालत असेल तर तीही बदलावी लागते. एलईडी दिव्याला वीज कमी लागते हे खरे. पण जुन्या गाडीचा परावर्तक तारेच्या एका विशिष्ट जागेसाठी घडवलेला असतो. तेथे भलताच एलईडी बसवला, तर प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पेट्रोल बदलले आहे

जुन्या गाडीच्या पुस्तिकेत जे पेट्रोल गृहीत धरले आहे, ते आज मिळत नाही. भारतात २० टक्के एथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून निवडक पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर रूढ झाले. जुन्या गाडीच्या दृष्टीने यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट हवेच्या प्रमाणाची. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एथेनॉलला सुमारे ९ किलो. मिश्रणासाठी हा आकडा साधारण १३.५ येतो. कार्बोरेटरच्या जेटला हे कळत नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो. परिणामी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते आणि इंजिन अधिक तापते. प्लगचे टोक पांढुरके दिसू लागले, तर जाणकाराकडून किंचित मोठा जेट बसवून घ्यावा.

दुसरी गोष्ट रबराची. एथेनॉलमुळे जुने रबर फुगते किंवा चिवटपणा गमावते. क्रँकच्या ऑइल सीलमधून हवा आत येऊ लागली की मिश्रण आणखी विरळ होते. म्हणून इंजिन उघडले असता सील, पेट्रोलची नळी आणि कॉकमधील वायसर एथेनॉल सोसणारेच घालावेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. एथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी मिश्रणात सामावते. मर्यादा ओलांडली, की पाणी आणि एथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर तयार होतो. रात्रीच्या थंडीत ही मर्यादा आणखी कमी होते. टू-स्ट्रोक गाडीत याचा परिणाम वाईट होतो. वंगणतेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते, तर कॉक खालून इंधन उचलतो. इंजिनाकडे जाते ते जवळजवळ तेलाविना! पंपापासून दूरच्या गावात पेट्रोल कॅनमध्ये साठवण्याचा प्रघात असतो. पावसाळ्यात असे साठवलेले पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे आणि काही आठवड्यांत संपवावे.

हे शाळेत दाखवता येईल. शिक्षकांनी स्वतः, उघड्यावर, आसपास कोणतीही ज्योत नसताना, ५० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी आणि ४० मिलिलिटर तेल न मिसळलेले पेट्रोल घ्यावे. बूच लावून हलवावे, मधून बूच सैल करून वाफ जाऊ द्यावी आणि पात्र स्थिर ठेवावे. खालचा थर १० ऐवजी १८ मिलिलिटरच्या आसपास दिसला, तर ८ मिलिलिटर एथेनॉल पाण्यात उतरले, म्हणजे ४० पैकी २० टक्के. वापरलेले द्रव गाडीत किंवा गटारात ओतू नये.

इंजिनाचे काय?

इंजिनाला मूळ मापावर आणणे हीच त्याची सुधारणा. बोअर आणि पिस्टन योग्य मापाचे, नव्या रिंगा, हेड आणि सायलेन्सरमधील कार्बन काढलेला, पॉइंटमधील फट पुस्तिकेप्रमाणे (साधारण ०.४ मिलिमीटर) एवढे झाले की गाडीची हरवलेली ताकद परत येते. हेड घासून दाब वाढवणे किंवा पोर्ट मोठे करणे यांमुळे उष्णता आणि वेग दोन्ही वाढतात, आणि त्यांचा भार पुन्हा ब्रेकवर येतो.

कायद्याकडेही लक्ष हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. रंगकाम करताना चासी क्रमांक घासला जाऊ देऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. आपल्या भागातील घाटाचा माथा आणि पायथा यांची उंची स्थलनिर्देशक नकाशावरील समोच्च रेषांवरून काढा. घरच्या गाडीचे आणि बसणाऱ्यांचे वस्तुमान मोजा. एका उतारात किती ज्यूल बाहेर टाकावे लागतात आणि तेवढ्या उष्णतेने किती लिटर पाणी उकळेल, हे वहीत मांडा. मग घरी जाऊन गाडीचे मागचे चाक उघडायला सांगा आणि लायनर किती उरला आहे ते पाहा.