इंजिनाला एकच गुण

फुलंब्रीहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या पिढीने ज्या जिपा पाहिल्या, त्यांतल्या कितीतरी दुसऱ्याच इंजिनावर धावत होत्या. पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यामुळे एखाद्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या विक्रीच्या जाहिरातीत ‘नव्याने उभी केलेली, इंजिन बदललेलं’ असं वाचून जाणकार नाक मुरडतात, तेव्हा मी ती जाहिरात पुन्हा वाचतो. अशा गाड्यांचा नाद मला फार जुना आहे. त्यातही एमजीबीचा.

एमजीबीची जुजबी माहिती वाचकांना असेलच. १९६२ ते १९८० या काळात अॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. चार सिलिंडरचं, १७९८ सीसीचं बिडाचं इंजिन दणकट, पण चढावर दमणारं. १९६७ मध्ये कंपनीने तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून एमजीसी काढली. गाडीचं नाक जड झालं, वळणावर ती हट्टी वागू लागली आणि दोन वर्षांत बंद पडली.

कंपनीला जे साधलं नाही ते केन कॉस्टेलो नावाच्या गॅरेजवाल्याने साधलं. हा मिनी गाड्या शर्यतीत पळवणारा माणूस, केंट परगण्यातला. अमेरिकेत ब्युइकने सोडून दिलेलं आणि रोव्हरने १९६५ मध्ये हक्कांसह विकत घेतलेलं आठ सिलिंडरचं ‘व्ही८’ इंजिन त्याने हेरलं. साडेतीन लिटरचं, पण अॅल्युमिनियमचं. म्हणजे ताकद कितीतरी वाढली आणि वजन जवळपास मूळ इंजिनाइतकंच राहिलं. १९७०च्या सुमारास त्याने ते एमजीबीत बसवलं. कार्ब्युरेटर वर आल्यामुळे बॉनेटला फुगवटा द्यावा लागला आणि तोच पुढे त्याच्या गाडीची ओळख ठरला. एमजीची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडच्या बड्या मंडळींनी ती गाडी लाँगब्रिजच्या कारखान्यात मागवून पाहिली. १९७३ मध्ये कंपनीची स्वतःची एमजीबी जीटी व्ही८ बाजारात आली. इंजिन तेच, बॉनेट मात्र सपाट. १९७६ पर्यंत अशा २,५९१ गाड्या तयार झाल्या. उघड्या टपाची व्ही८ कॉस्टेलो बनवत होता, कंपनीने ती तेव्हा बनवलीच नाही. कारखान्याच्या गाडीला ‘अस्सल’ म्हणायचं आणि ज्याने वाट दाखवली त्याच्या गाडीला ‘फेरफार केलेली’ म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता अस्सलपणाचा दुसरा पेच. एमजीबीला वेगळी चेसी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि तो गंजतो. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवर नव्या बॉडी घडवायला सुरुवात केली. म्हणजे ‘१९६७ची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एखाद्या गाडीचा सारा पत्रा १९६७ नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला असू शकतो.

ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने यावर गुणांची पद्धत काढली. २०२५ पर्यंत मोठे बदल केलेल्या गाडीला जुना नंबर टिकवायचा तर किमान ८ गुण लागत. चेसी किंवा सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. आणि इंजिनाला फक्त १! सांगाडा नवा असला तरी चालत असे, फक्त तो मूळ घडणीचा लागे. हे कोष्टक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. गाडी कशाने ‘ती’ राहते, याचं असं रोखठोक उत्तर सरकारी कागदावर क्वचितच सापडतं.

आपल्याकडे जुलै २०२१च्या अधिसूचनेने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिका आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, रोजच्या वापराला मनाई. गाडी विकली तर ९० दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं. हे सारं ठीक. पण व्याख्येतच अट आहे की गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. या शब्दांनुसार कॉस्टेलोने बदललेली एमजीबी विंटेज ठरत नाही. आणि साधी नोंदणी ठेवायची तर गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून अशी गाडी घेणाऱ्याने रंगरंगोटीवर भाळण्याआधी आरसी बुकावरचे इंजिन आणि चेसी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावेत, आणि इंजिन बदलाला आरटीओची मंजुरी आहे का ते विचारावं.

सरसकट मोकळीक द्या असं मी म्हणत नाही. टाटांच्या मालकीच्या जॅग्वारने २०१७ मध्ये १९६८च्या ई-टाइपमध्ये विजेची मोटर बसवून दाखवली. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवाने अशा बदलांना ऐतिहासिक मानायला नकार दिला, आणि तो मला पटतो. पण हीच फिवा त्या-त्या काळात झालेल्या बदलांसाठी वेगळा वर्ग ठेवते. कॉस्टेलोचं काम त्या वर्गात बसतं. आपल्या नियमात असा एक वर्ग वाढवला, आणि बदल केव्हा व कुणी केला याचा पुरावा मालकाकडे मागितला, तर नव्या भेसळीला दार न उघडता जुन्या कारागिरांच्या गाड्यांनाही ‘व्हीए’ पाटी मिळेल.